बाहेरून काटे, आत गरे: पडद्यावरची ती पोलीस अधिकारी

चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये आम्ही भाड्याने राहतो. शहर वसायला लागलं तेव्हा जे सेक्टर आधी उभे राहिले, त्यांपैकी हा एक. जवळच शास्त्री मार्केट, पुढे किरण सिनेमाची जुनी इमारत. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई राहतात. सगळे त्यांना बीजी म्हणतात, म्हणून आम्हीही बीजीच म्हणतो. दिवाळीनंतर आई नाशिकहून दोन महिने राहायला आली आणि तिची व बीजींची गट्टी जमली. आईचं हिंदी बेताचं, बीजींचं पंजाबीमिश्रित. तरी दुपारी चारला चहाचे कप आणि साखरेच्या डब्याला टेकवलेला माझा फोन, अशी दोघींची बैठक ठरलेली.

एका दुपारी मी कामावरून लवकर आले, तर दोघी ‘दिल्ली क्राइम’ पाहत होत्या. पडद्यावर पोलीस उपायुक्त वर्तिका चतुर्वेदी हाताखालच्या माणसाला झापत होती.

“ही बाई कधी हसत का नाही?” बीजींनी विचारलं.

“हसायला वेळ कुठे आहे तिला?” आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, त्या ठाण्यातल्या मॅडमसारखीच आहे की नाही ही?”

कोणत्या मॅडम, ते मला लगेच कळलं. काही वर्षांपूर्वी सकाळी फिरायला गेलेल्या आईचं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी खेचून नेलं होतं. गाव आणि ठाणं कोणतं ते इथे महत्त्वाचं नाही. ठाण्यात बसलेले साहेब फार गोड बोलले. “मावशी, पाणी घ्या. घाबरू नका. उद्या या, मग बघू.” दुसऱ्या दिवशीही तेच. आई म्हणायची, किती चांगला माणूस आहे! तिसऱ्या दिवशी मात्र त्या खुर्चीत एक महिला अधिकारी होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “दोन दिवस काय झोपला होतात?” आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस रोज येतेय, असं तिने सांगितल्यावर त्या बाईंनी मान वर केली, दाराशी उभ्या शिपायाला हाक मारली आणि त्याच आवाजात विचारलं, “यांची तक्रार दोन दिवस का लिहिली नाही?” पुढच्या तासाभरात सगळं कागदावर आलं. दंडावरचा ओरखडा, मोटारसायकलचा रंग, वेळ, गल्ली. निघताना बाई म्हणाल्या, “घरी सोडायला माणूस देते. आणि उद्यापासून फिरायला एकट्या जाऊ नका, कळलं?”

मंगळसूत्र काही मिळालं नाही. पण आई आजही त्या बाईंचं नाव आदराने घेते आणि गोड बोलणाऱ्या साहेबांचं घेतच नाही.

आपल्याकडे अशा माणसाला फणसाची उपमा देतात. बाहेरून काटे, आत गोड गरे. प्रत्येक घरात अशी एखादी आत्या, काकू नाहीतर मुख्याध्यापिकाबाई असतेच. टीव्हीने मात्र तिला वर्षानुवर्षं एकच काम दिलं, खाष्ट सासूचं. तिच्या हातात तपासाची फाइल दिली तर काय होतं, हे दाखवणाऱ्या मालिका मोजक्याच आहेत. आज त्यांच्याबद्दलच बोलू या.

ललिताजी झाली कल्याणी

वर्तिका पाहताना बीजींना आठवली ‘उडान’. १९८९ मध्ये दूरदर्शनवर आलेली ही मालिका पाहायला गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे जमायच्या, असं त्या सांगतात. आईकडे नाशिकलाही तेच चित्र होतं.

कल्याणी सिंह ही पोलीस अधिकारी साकारणाऱ्या कविता चौधरी यांनीच ती मालिका लिहिली आणि दिग्दर्शितही केली होती. शेखर कपूर त्यात जिल्हाधिकारी होते आणि आपले विक्रम गोखलेही मालिकेत होते. त्याआधी कविता चौधरी घरोघरी पोचल्या होत्या त्या सर्फच्या जाहिरातीतल्या ‘ललिताजी’ म्हणून. आठवते ना ती? भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, कुणाच्याही गोड बोलण्याला न भुलणारी, चोख हिशेबाची बाई. त्याच चेहऱ्याने पुढे खाकी वर्दी घातली आणि प्रेक्षकांना ते अजिबात खटकलं नाही. हिशेब चोख ठेवणारी बाई तपासही चोखच करणार, हे त्यांना पटलं असावं.

कल्याणीची प्रेरणा घरातलीच होती. कविता यांची थोरली बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य या १९७३च्या तुकडीच्या आयपीएस अधिकारी. किरण बेदी यांच्यानंतर या सेवेत आलेल्या दुसऱ्या महिला. २००४ मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात एखाद्या राज्याच्या पोलीस दलाचं हे सर्वोच्च पद पहिल्यांदाच एका महिलेकडे आलं होतं. मालमत्तेच्या वादात वडिलांना मारहाण झाली, तेव्हा पोलिसांनी तक्रारसुद्धा लिहून घेतली नाही, आणि त्या अनुभवाने आपण या वाटेला लागलो, असं त्या सांगत.

म्हणजे भारतीय टीव्हीवरच्या पहिल्या मोठ्या महिला पोलीस अधिकाऱ्याची गोष्ट सुरू होते ती न लिहिल्या गेलेल्या एका तक्रारीपासून. हा धागा लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक मालिकेत तो पुन्हा भेटणार आहे.

कांचन २०१९ मध्ये गेल्या, कविता २०२४ मध्ये. पण ‘उडान’ पाहून वर्दीचं स्वप्न पाहिलं, असं सांगणाऱ्या बायका आजही भेटतात.

पंजाबची लेक, महाराष्ट्राची अधिकारी

‘उडान’ दूरदर्शनवर सुरू होती, तेव्हा महाराष्ट्रात खरोखरची एक कल्याणी काम करत होती. मीरां चढ्ढा-बोरवणकर. पंजाबातल्या फाजिल्का इथल्या त्या, १९८१ मध्ये महाराष्ट्र केडरमध्ये आल्या आणि इथल्याच झाल्या. २००४ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेची सूत्रं त्यांच्याकडे आली. या शाखेचं प्रमुखपद तोपर्यंत एकाही महिलेला मिळालं नव्हतं. पुढे त्या पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या आणि राज्याच्या तुरुंग विभागाच्याही प्रमुख होत्या.

१९९४ मध्ये उघडकीला आलेलं जळगावचं प्रकरण ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. फोटोंच्या धाकाने मुलींना वर्षानुवर्षं नाडलं गेलं होतं. अरविंद इनामदार यांच्या नेतृत्वाखाली जो तपास झाला, त्यात मीरां बोरवणकर होत्या. या तपासात सर्वांत कठीण काय होतं? आरोपींची नावं शोधणं नव्हे. मुलींनी बोलणं कठीण होतं. नाव बाहेर आलं तर लग्न होणार नाही, वडील मान वर काढू शकणार नाहीत, बहिणीचंही जमणार नाही, या भीतीने घरंच्या घरं गप्प होती.

अशा वेळी समोरचा अधिकारी कसा ऐकतो, यावर सगळं अवलंबून असतं. ‘अरेरे, बिचारी’ असं म्हणणाऱ्या माणसापुढे मुलगी आणखी आक्रसते. ‘तू काही चूक केलेली नाहीस, आता तारखा सांग’ असं म्हणणारा माणूस कोरडा वाटला, तरी त्याच्यापुढे ती बोलू शकते. पडद्यावरच्या तपास अधिकाऱ्यांचा करडा सूर कुठून येतो, ते इथे समजतं. त्या समोरच्या बाईची कीव करत नाहीत, तिच्या साक्षीला किंमत देतात.

वर्तिका: ओरडते कुणावर, हळू बोलते कुणाशी?

रिची मेहता यांची ‘दिल्ली क्राइम’ २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. १६ डिसेंबर २०१२ला दिल्लीत चालत्या बसमध्ये झालेल्या अत्याचाराचा तपास हा पहिल्या पर्वाचा विषय. सात भागांच्या या पर्वाला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. कोणत्याही भारतीय मालिकेला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. शेफाली शाह यांनी साकारलेली वर्तिका बेतली आहे ती छाया शर्मा या अधिकाऱ्यावर. त्या वेळी त्या दक्षिण दिल्लीच्या पोलीस उपायुक्त होत्या आणि त्यांच्या पथकाने आठवडाभरात सहाही आरोपी पकडले होते.

ही मालिका पाहताना एक छोटा प्रयोग करून बघा. वर्तिका आवाज कुणावर चढवते आणि कुणाशी हळू बोलते, एवढंच टिपत जा. ओरडा बसतो तो कामचुकार शिपायाला, जबाबदारी झटकणाऱ्या अधिकाऱ्याला. हळू आवाज असतो तो इस्पितळातल्या मुलीसाठी, तिच्या आईवडिलांसाठी आणि कामाने पिचलेल्या धाकट्या सहकाऱ्यासाठी. सर्वसाधारण कार्यालयात आपण नेमकं उलटं बघतो. साहेबासमोर मऊ आणि दाराशी उभ्या गरिबावर गरम. वर्तिका ही दिशा बदलते, म्हणून तिचा राग आपल्याला आपल्या बाजूचा वाटतो.

तिच्या घरीही सगळं आलबेल नाही. वयात आलेली मुलगी चांदनी या शहरालाच कंटाळली आहे, तिला परदेशी जायचं आहे. शहर सुरक्षित करण्यासाठी दिवसरात्र राबणाऱ्या आईला स्वतःच्या मुलीला ‘इथेच थांब’ म्हणणं जड जातं. रात्रपाळी करणाऱ्या नर्सपासून एसटीच्या वाहकबाईंपर्यंत कुणाही नोकरदार आईला हा पेच ओळखीचा वाटेल.

२०२२च्या दुसऱ्या पर्वाने तर मराठी माणसाच्या जवळचाच विषय घेतला. दिल्लीत वृद्धांचे खून होतात आणि संशय येतो तो विमुक्त जमातींवर. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का काही पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते ज्यांनी वाचलं आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको. कुठे चोरी झाली की पहाटे पोलीस येणार आणि वस्तीतले पुरुष उचलून नेणार, ही गोष्ट आपल्याकडच्या पारधी वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे.

वर्तिकावर वरून दबाव येतो, कुणाला तरी पकडा म्हणून. कुणाला पकडणं सर्वांत सोपं आहे, हेही सगळ्यांना माहीत असतं. पुढे काय होतं ते सांगून रहस्य फोडणार नाही. पण इथे करुणेचा अर्थ बदलतो. आधीच्या पर्वात ती पीडितेसाठी होती. इथे प्रश्न पडतो तो ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासाठी. पुरावा नसताना माणसाला कोठडीत ठेवायचं नाही, एवढी साधी गोष्ट पाळायला किती धैर्य लागतं, ते हे पर्व दाखवतं.

अंजली: बेपत्ता मुली, गप्प घरं

रीमा कागती आणि रुचिका ओबेरॉय यांनी दिग्दर्शित केलेली ‘दहाड’ २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओवर आली. त्याआधी बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या मालिका विभागात ती स्पर्धेत होती. राजस्थानातलं मंडावा गाव आणि तिथल्या ठाण्यातली उपनिरीक्षक अंजली भाटी. सोनाक्षी सिन्हाने साकारलेली अंजली मोटारसायकलवरून फिरते, ज्युडो खेळते आणि फारसं बोलत नाही. घरी आई स्थळांचे फोटो घेऊन तिच्या मागे लागलेली.

ठाण्यात एक तरुण येतो. बहीण घरातून गेली आहे, शोधा, म्हणतो. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मुलगी गरीब घरची, त्यात ‘खालच्या’ मानलेल्या जातीची. पळून गेली असेल, असं म्हणून विषय मिटतो. अंजली जुनी नोंदवही उघडते, एकेक नाव जुळवत जाते आणि लक्षात येतं की अशा कितीतरी मुली गेल्या आहेत. बहुतेकींच्या घरच्यांनी तक्रारच केली नव्हती. मुलगी पळून गेली हे चारचौघांत सांगण्यापेक्षा गप्प बसणं त्यांना बरं वाटलं.

खरं तर खुनी कोण, ते या मालिकेत सुरुवातीलाच कळतं. शोध घ्यायचा असतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एवढ्या मुली गेल्या आणि कुणालाच कसं कळलं नाही? उत्तर एकाच माणसावर ढकलता येत नाही. हुंड्यापायी लग्न न ठरलेली मुलगी घराला ओझं वाटते, गोड बोलणाऱ्या पहिल्या माणसावर ती विश्वास टाकते आणि ती गेल्यावर घर दार लावून घेतं.

अंजली स्वतः हे सगळं सोसून आली आहे. तिच्या घराण्याचं मूळ आडनाव मेघवाल. जात लपावी म्हणून ‘भाटी’ लावलेलं. ती जवळून गेली की ठाण्यातला एक कर्मचारी उदबत्ती लावतो. ती काही बोलत नाही, बघते आणि कामाला लागते. तिचा कोरडेपणा कुठून आला, ते समजायला हे एक दृश्य पुरे आहे. अशी माणसं रागीट जन्माला येत नाहीत. रोजच्या अपमानात तोल जाऊ नये, म्हणून ती स्वतःभोवती काटे वाढवतात.

शेजारच्या हिमाचलात घडणाऱ्या ‘अरण्यक’मध्ये रवीना टंडनने साकारलेली ठाणेदार कस्तुरी डोग्रा हीदेखील याच जातकुळीची. मराठीत २०१४ मध्ये झी मराठीवर ‘अस्मिता’ आली होती. मयूरी वाघने त्यात खासगी गुप्तहेर रंगवली. ती मनमिळाऊ होती, करडी नव्हती. पण रात्री जेवताना सगळं घर एका मराठी बाईला गुन्हा उलगडताना बघत होतं, हे काही थोडं नव्हे.

सातासमुद्रापारची मावशी

अशीच एक बाई इंग्लंडमध्येही आहे, व्हेरा स्टॅनहोप. अॅन क्लीव्ह्ज या लेखिकेच्या कादंबऱ्यांवरची ‘व्हेरा’ ही मालिका आयटीव्हीवर मे २०११ मध्ये सुरू झाली आणि चौदा पर्वं करून जानेवारी २०२५ मध्ये संपली. ब्रेंडा ब्लेथिन यांनी रंगवलेली व्हेरा साठीकडे झुकलेली, अंगाने जाड. डोक्यावर चुरगळलेली टोपी, अंगात ढगळ कोट, बुडाखाली खडखडणारी जुनी जीप. घरी कुणी नाही. धाकट्या सहकाऱ्यांना ती दिवसभर फैलावर घेते, त्यांचंच खाणं पळवते आणि त्यांच्या पोराबाळांची चौकशीही करते.

पहिल्या कादंबरीत ती येते तेव्हा आजूबाजूचे लोक तिला रस्त्यावरची भणंग बाईच समजतात. हीच तिची ताकद. अशा बाईकडे कुणी लक्ष देत नाही, तिच्यापुढे माणसं सावध राहत नाहीत. साक्षीदाराच्या स्वयंपाकघरात बसून चहा घेता घेता ती त्याला ‘पेट’ म्हणते. इंग्लंडच्या उत्तरेकडे हा शब्द आपल्या ‘बाळा’सारखा वापरतात. आणि त्या एका शब्दानंतर माणूस खरं बोलायला लागतो.

क्लीव्ह्ज यांनी लेखिका होण्यापूर्वी परिवीक्षा अधिकारी म्हणून काम केलं होतं. शिक्षा झालेल्या माणसांना पुन्हा मार्गाला लावण्याचं हे काम. त्यामुळे असेल, व्हेराच्या गोष्टींत गुन्हेगार राक्षस नसतो. एका वळणावर चुकलेला शेजारी असतो. त्याला बेड्या घालताना व्हेराचा चेहरा विजयी दिसत नाही. थकलेला दिसतो.

करडेपणा आणि उद्धटपणा

आता एक सावधगिरीची गोष्ट. फणसाला काटे असतात, पण काटे असलेलं प्रत्येक झाड फणस नसतं. बाभूळही असते.

पडद्यावर पोलिसाने कानाखाली मारली की आपण टाळ्या वाजवतो. अधिकारी बाई असेल तर जरा जास्तच. पण कोठडीतली मारहाण वर्दीतल्या बाईने केली म्हणून ती न्याय ठरत नाही. ‘दिल्ली क्राइम’सारख्या चांगल्या मालिकेबद्दलही हा प्रश्न विचारायला हवा, कारण ती घटना आपण मुख्यतः पोलिसांच्याच नजरेतून पाहतो. मुलांबरोबर बोलताना हे जरूर काढा. आपल्याला ही बाई का आवडते? ती मारते म्हणून, की ती सोडून देत नाही म्हणून?

फरक ओळखायच्या तीन सोप्या खुणा सांगते. पहिली, तिचा आवाज दुबळ्यावर चढतो की जबाबदार माणसावर? दुसरी, ती समोरच्याचं पूर्ण ऐकून घेते की मध्येच तोडते? तिसरी, आपली चूक झाली तर ती कबूल करते का? या तिन्ही कसोट्या घरातल्या आणि कार्यालयातल्या कडक माणसांनाही लावून बघा.

फोन बाजूला ठेवल्यावर

या मालिका मोठ्यांसाठी आहेत. ‘दिल्ली क्राइम’ आणि ‘दहाड’ लहान मुलांसमोर लावू नका. मोठ्या मुलांना दाखवायच्या असतील तर आधी स्वतः पाहा, मग शेजारी बसून पाहा. रात्री झोपण्यापूर्वी सलग भाग पाहण्यापेक्षा एक भाग पाहून थोडं बोललेलं बरं.

आणि बोलताना कायद्याचंही बोला. प्रत्येक ठाण्यात वर्तिका असेलच असं नाही, पण तिने जे केलं असतं त्यातलं बरंच आता कायद्यातच लिहिलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या या गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात:

• दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. ‘ही आमची हद्द नाही’ असं म्हणून परत पाठवता येत नाही. यालाच झिरो एफआयआर म्हणतात.

• तक्रार ऑनलाइनही देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते.

• एफआयआरची प्रत लगेच आणि विनामूल्य मिळते. ती मागून घ्या.

• लैंगिक गुन्ह्यांसारख्या ठरावीक गुन्ह्यांत पीडित महिलेची माहिती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते.

• साक्षीसाठी महिलेला घर सोडून ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यायचं.

• ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

• तपास कुठवर आला, हे तक्रारदाराला किंवा पीडिताला नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० हे क्रमांक फोनमध्ये आजच साठवून ठेवा. आजी-आजोबांच्या फोनमध्येही साठवून द्या.

हे सगळं मी त्या संध्याकाळी आईला आणि बीजींना वाचून दाखवलं. बीजी म्हणाल्या, “हे लिहिलेलं आहे ना? मग आपण घाबरायचं कशाला?” आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “अगं, तो कागद मी अजून ठेवलाय.”

कोणता कागद?

मंगळसूत्राच्या तक्रारीची प्रत. नाशिकच्या घरी लोखंडी कपाटात, बाबांच्या पेन्शनच्या फाइलमध्ये. मंगळसूत्र परत मिळणार नाही, हे तिला कधीच कळलं आहे. तरी कागद ठेवला आहे. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “त्या बाईंनी मला रागावून का होईना, खरं मानलं ना.”

एवढं बोलून तिने फोन पुन्हा साखरेच्या डब्याला टेकवला आणि बीजींना म्हणाली, “लावा पुढचा भाग.”